छोट्या पडद्यावरचा मावळा आणि फिरंगी

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. त्यासाठी प्रक्षेपणाचा मनोरा उभारण्यात आला तो सिंहगडावर. १६७० च्या फेब्रुवारीत ज्या गडाचा कडा तानाजी मालुसरे यांच्याबरोबर मावळ्यांनी रात्रीच्या अंधारात चढला, त्याच गडावरून तीनशे वर्षांनी चित्रे खाली उतरू लागली आणि पुढे त्या चित्रांत मावळेही आले. घराघरांतल्या मुलांनी मावळा प्रथम पाहिला तो तिथे, त्या पेटीत. आजोबांच्या तोंडून ऐकलेला किंवा पाठ्यपुस्तकात वाचलेला मावळा मागे पडला. आज 'मावळा' म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे जो उभा राहतो, तो बहुतांशी दूरचित्रवाणीने घडवलेला आहे.

लोणावळा आणि मावळ परिसरात राहणाऱ्या आपल्यासारख्या ख्रिस्ती कुटुंबांना या प्रश्नाशी दुहेरी कर्तव्य आहे. आपण राहतो मावळात. या मातीचे पाणी पितो, हिची बोली बोलतो. आणि ऐतिहासिक मालिकांत मावळ्याच्या समोर जो 'फिरंगी' उभा असतो, त्याच्या गळ्यातला क्रूस मात्र आपल्या गळ्यातल्या क्रुसासारखा असतो. संध्याकाळी रोझरी आटोपून दूरचित्रवाणी संच लावणाऱ्या घरातल्या मुलाने कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या? प्रश्न पोरकट वाटेल. पण तो मुलांना पडतो, हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात अनेकदा अनुभवले आहे.

प्रथम मावळ्याविषयी. 'मावळ' म्हणजे मावळतीचा मुलूख, पुण्याच्या पश्चिमेचा सह्याद्रीच्या खोऱ्यांचा पट्टा. जुन्या कागदांत बारा मावळांचा उल्लेख येतो. आजच्या मावळ तालुक्यात आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही नावे अजून जिवंत आहेत. हिरडस, गुंजण, मोसे, मुठे ही खोरी त्यांच्या दक्षिणेला. पावसाळ्यात तुफान पाऊस, उन्हाळ्यात पाण्याची वणवण, भात आणि नाचणी एवढेच पीक. अशा मुलखात माणूस काटक होतो आणि हिशेबीही होतो. काटकपणा मालिकांना दिसला. हिशेबीपणा मात्र त्यांच्या नजरेतून सुटला.

मराठी ऐतिहासिक मालिकांची परंपरा आता मोठी झाली आहे. ऐंशीच्या दशकात रणजित देसाई यांच्या 'स्वामी' कादंबरीवरील मालिका दूरदर्शनवर आली. १९९४ मध्ये महादजी शिंदे यांच्यावरील 'द ग्रेट मराठा' ही हिंदी मालिका आली. २००८ मध्ये 'राजा शिवछत्रपती', २०१७ ते २०२० या काळात 'स्वराज्यरक्षक संभाजी', त्यानंतर 'स्वराज्यजननी जिजामाता', आणि २०२१ मध्ये महाराजांच्या सहकाऱ्यांना केंद्रस्थानी ठेवणारी 'जय भवानी जय शिवाजी'. या मालिकांनी महाराष्ट्रातल्या लाखो घरांना इतिहासाची गोडी लावली, हे ऋण मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. ज्या मुलाला सनावळ्या पाठ होत नव्हत्या, तो आता पुरंदरचा तह कोणत्या साली झाला हे सांगतो. गंमत अशी की 'राजा शिवछत्रपती'चे निर्माते नितीन चंद्रकांत देसाई यांचा भव्य स्टुडिओ आपल्याच बोरघाटाच्या पायथ्याशी, कर्जतला उभा राहिला. मावळ घाटाच्या वर आणि पडद्यावरचे गड घाटाच्या खाली, अशी ही भौगोलिक व्यवस्था!

पण या मालिकांतला मावळा पहा. डोक्याला मुंडासे, गुडघ्यापर्यंत धोतर किंवा चोळणा, पिळदार मिशा, हातात ढाल-तलवार आणि तोंडी एक-दोन वाक्ये. तो राजांसाठी प्राण द्यायला सदैव उत्सुक असतो. त्याला शेत नसते, कर्ज नसते, भावकीतला वाद नसतो. तो भोळा असतो. अधूनमधून विनोद करतो. प्रसंगी धारातीर्थी पडतो. हा मावळा दूरचित्रवाणीने शोधून काढलेला नाही. त्याची वंशावळ मूकपटापर्यंत जाते. बाबूराव पेंटर यांचा 'सिंहगड' १९२३ चा, भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' १९५२ चा आणि 'मराठा तितुका मेळवावा' १९६४ चा. कोल्हापूरच्या त्या कलानगरीत जो रांगडा, मोकळ्या मनाचा गडी घडला, तोच छोट्या पडद्यावर आला. येताना तो कोल्हापुरी बोलीही बरोबर घेऊन आला. नाणे मावळातला म्हातारा शेतकरी ज्या हेलात बोलतो, तो हेल मी कोणत्याही मालिकेत ऐकलेला नाही.

भाषेचा हा मुद्दा किरकोळ समजू नये. ऐतिहासिक मालिकांत भाषेची एक उतरंड ठरून गेली आहे. राजे आणि मासाहेब शुद्ध, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, सरदार थोडी करडी, मावळा गावरान, मोगल उर्दूमिश्रित, आणि फिरंगी मोडकीतोडकी. ऐकणाऱ्याला चेहरा पाहण्याआधीच कळते, की बोलणारा थोर, साधा की दुष्ट. आता त्या काळचे अस्सल कागद पहावेत. सतराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहार फारसी शब्दांनी इतका भरलेला होता, की त्यावर उपाय म्हणून खुद्द शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. राजाच्या दरबारातली लेखी भाषा आणि मोगलाच्या दरबारातली भाषा यांत शब्दांची देवाणघेवाण मुबलक होती. मालिकेने ती पुसून दोन काठ वेगळे केले. भाषा वेगळी केली, की माणसेही जन्मतःच वेगळी वाटू लागतात.

याहून मोठी हानी झाली ती मावळ्याच्या स्वतंत्र बुद्धीची. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला, तेव्हा विजापूरच्या दरबाराने मावळातील देशमुखांना फर्माने धाडली होती: खानाला सामील व्हा, नाहीतर वतने जातील, जीव जातील. वतन म्हणजे त्या काळी घराण्याचा श्वास. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कारीचे कान्होजी जेधे आपल्या पाच मुलांना घेऊन महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. एकाच मुलखातले, एकाच दर्जाचे, बहुधा एकमेकांच्या सोयऱ्या-धायऱ्यांतले हे दोन देशमुख. दोघांपुढे फर्मान एकच होते आणि उत्तरे दोन आली. पुढे खोपड्यांना हात आणि पाय तोडण्याची शिक्षा झाली. जीव वाचला तो कान्होजींनी रदबदली केली म्हणून.

या प्रसंगात मला मावळचा खरा इतिहास दिसतो. कान्होजींची निष्ठा थोर ठरते, कारण त्यांना दुसरा रस्ता मोकळा होता. मालिकेतला मावळा जन्मतःच निष्ठावान असतो. मग त्याच्या निष्ठेचे श्रेय त्याला द्यायचे कसे? आणि जो जन्मतः निष्ठावान, त्याच्यासमोर जन्मतः फितूरही लागतोच. असे फितूर ठरवले गेलेले एखादे घराणे असते, त्याचे आजचे वंशज असतात, त्यांची मुले शाळेत जातात. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' या हिंदी चित्रपटातील चित्रणाबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या वादात कोणाचे कागद खरे, हे ठरवणे इतिहाससंशोधकांचे काम आहे. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या वर्तनाचा डाग आडनावावर बसतो, हे दुःख 'फिरंग्याचा' म्हणून हिणवल्या गेलेल्या ख्रिस्ती मुलाला समजायला वेळ लागणार नाही.

मावळ्यांत कोण कोण होते? कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत गडांची व्यवस्था सांगितली आहे. निरनिराळ्या जातींचे अधिकारी एकाच गडावर नेमलेले असत, आणि घेऱ्याची राखण रामोशी, महार, मांग, बेरड यांच्याकडे असे. कोळी होते, धनगर होते, कुणबी तर होतेच. पडद्यावर हे सारे एकाच साच्यातून काढलेले दिसतात. एकजूट दाखवण्याचा हेतू चांगला असेल. परंतु घेरा राखणारा महार त्यात वेगळा ओळखूच येत नाही. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील आपल्या अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज याच समाजांतून आले. म्हणजे गडाच्या पायथ्याशी रात्रभर जागणाऱ्यांत त्यांचेही कोणी असण्याचा संभव आहे. त्यांच्या नातवंडांना मात्र मालिकेत स्वतःचा चेहरा सापडतो तो फक्त फिरंग्यात!

मावळ्याची कथा गड जिंकल्यावर संपते, हाही एक रूढ समज. १९२१ ते १९२४ या काळात मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. भातशेती पाण्याखाली जाणार होती. तेव्हा त्या शेतकऱ्यांना सारा महाराष्ट्र अभिमानाने 'मावळे' म्हणत होता. तरी धरण झालेच. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ उतरले, गोळीबार झाला आणि तीन जणांचा बळी गेला. हे मावळे मालिकेत येणार नाहीत. लोणावळ्याला दूरचित्रवाणीवाले आले ते वेगळ्याच कामासाठी: 'बिग बॉस'चे घर अनेक वर्षे इथेच होते, आणि २०१८ मध्ये मराठी 'बिग बॉस'चे पहिले पर्वही इथेच झाले. चारी बाजूंनी बंद केलेल्या त्या घरातून मावळचा एकही डोंगर दिसत नव्हता.

आता फिरंगी. पडद्यावरचा फिरंगी ओळखायला सोपा: सोनेरी टोप, तंग विजार, ओठावर कुत्सित हसू आणि 'टुम', 'हाम' अशी भाषा. त्याच्या बाजूला बहुधा काळ्या झग्यातला पाद्री असतो. तो धर्मांतर तरी करवतो, नाहीतर कटकारस्थान. याला दुसरी बाजू नसते. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा शाळेच्या स्नेहसंमेलनातील ऐतिहासिक नाटुकल्यात पाद्री झाला होता. त्याने मावळ्याची भूमिका मागितली होती. पण 'तुझ्याकडे क्रूस आहेच' म्हणून त्याला ही दिली गेली. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावे. त्या मुलाच्या आईने मला हे हसत हसत सांगितले आणि मग ती गप्प झाली. नगर जिल्ह्यातून आलेले, चार पिढ्या मराठीत मिस्सा ऐकणारे ते कुटुंब आहे. लिस्बनशी त्यांचा संबंध पावभाजीतल्या पावाइतकाच.

येथे एक गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी स्वच्छपणे मान्य केली पाहिजे. पडद्यावरचा तो क्रूर पाद्री हवेतून आलेला नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडता, इन्क्विझिशनचे न्यायासन होते. देवळे पाडली गेली, लोकांच्या चालीरीतींवर बंदी आली, नवख्रिस्तींचेही हाल झाले. त्याविषयी आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही, आणि आपण बोलत नाही म्हणून मालिका बोलतात. १६६७ च्या बारदेश स्वारीत पाद्री मारले गेल्याचे उल्लेख त्या काळच्या पत्रांत आहेत. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी करून जुवे बेट घेतले, तेव्हा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर इतका हवालदिल झाला की त्याने संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहाच्या हाती आपला राजदंड ठेवला, असे परंपरा सांगते. पुढे मोगलांची फौज कोकणात उतरली आणि मराठ्यांना परत फिरावे लागले. गोव्यातल्या ख्रिस्तजनांनी त्यात संताची कृपा पाहिली; मराठी प्रेक्षक त्यात हातातून निसटलेला विजय पाहतो. घटना एक असूनही स्मृती दोन झाल्या. दोन्ही स्मृतींना एकाच तासाच्या भागात जागा देणे मालिकेला जमत नाही, कारण तिला रोज रात्री एक खलनायक लागतो.

परंतु कागद तेवढेच सांगत नाहीत. १६६४ च्या सुरतेच्या लुटीत महाराजांनी कापुचिन पाद्री अँब्रोज यांच्या मठाला धक्का लावू दिला नाही. फिरंगी पाद्री भली माणसे आहेत, असा अभिप्राय फ्रेंच प्रवासी बर्नियेने महाराजांच्या नावे नोंदवला आहे. महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे आरमार बांधायला घेतले, तेव्हा त्या कामावर रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होता. नंतर वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांना फूस लावून पळवले. आणि महाराजांचे पोर्तुगीज भाषेतील चरित्र लिहिणारा कॉस्मे द ग्वार्दा हा गोव्यातील मुरगावचा. त्याने ते १६९५ मध्ये लिहिले आणि १७३० मध्ये लिस्बनला ते छापले गेले. त्याच्या मजकुरात चुका पुष्कळ आहेत, पण नायकाविषयीचे कौतुक ओसंडून वाहते. पुढे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालवून पोर्तुगीज-मराठे संबंधांचे जे कागद उजेडात आणले, ते वाचल्यावर कळते की ही दोन राज्ये भांडत होती, तह करत होती, दारूगोळा विकत होती, वकील पाठवत होती आणि पुन्हा भांडत होती. शेजाऱ्यांचे असते तसेच.

आणि मोडकीतोडकी मराठी? फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले: हजारो ओव्या आणि त्यांत मराठी भाषेची मनःपूर्वक स्तुती. शिवाजी महाराजांच्या जन्माआधीची ही गोष्ट. एखाद्या मालिकेत अस्खलित ओव्या म्हणणारा पाद्री दाखवला, तर प्रेक्षक म्हणतील की लेखकाने इतिहास सोडून कल्पना लढवली.

लोणावळ्यापुरते बोलायचे तर इथे ख्रिस्ती वस्ती वाढली ती तोफेने किंवा तलवारीने नव्हे. तिला रेल्वेने आणले. १८५६ मध्ये बोरघाटाचे काम सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर त्या कामावर होते. पटकी आणि अपघात यांत किती गेले त्याची मोजदाद करणे कठीण. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येताच आजारी पडून वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवून काम पुरे केले. (या बाईंवर मालिका का नाही, असा प्रश्न मला कधीकधी पडतो.) त्यानंतर रेल्वेच्या वसाहतींत अँग्लो-इंडियन, गोवेकर, मराठी ख्रिस्ती अशी कुटुंबे आली. त्यांचाही साचा पडद्याने लवकरच तयार केला. १९७५ च्या 'ज्युली' चित्रपटातला बाप रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर असतो आणि बाटली त्याच्या जवळ असते. १९७३ च्या 'बॉबी'तला ब्रॅगान्झाही तसाच पिणारा, मोठ्या मनाचा. हे बाप वाईट नाहीत. उलट लोभसच आहेत. मात्र घाटात ब्रेक सांभाळत गाडी उतरवणारा माणूस पिऊन कामावर येऊ शकत नव्हता, हे आमच्या भागातल्या कोणत्याही निवृत्त गार्डाला विचारावे. ती शिस्त, ती रात्रपाळी, पगारातून कॉन्व्हेंटची फी भरण्यासाठीची ती काटकसर पडद्यावर कधी आली नाही. ती नाट्यमय नाही, एवढेच कारण असावे.

मग खुद्द मावळ्यांनी आपल्या शत्रूकडे कसे पाहिले? याचे उत्तर आपल्या तालुक्यातच आहे. १७७९ च्या जानेवारीत राघोबादादांना पेशवेपदी बसवण्यासाठी सुमारे चार हजारांचे इंग्रज सैन्य बोरघाट चढून खंडाळ्याहून पुण्याकडे निघाले. मराठ्यांनी त्यांना दाणावैरण मिळू नये म्हणून तळेगाव मोकळे करून जाळले. त्या आगीत कोणाची घरे गेली ते बखरींत सापडत नाही. अखेर वडगाव येथे महादजी शिंदे यांच्यापुढे इंग्रजांना मानहानीचा तह करावा लागला. त्या मोहिमेत ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट ठार झाला. झाडावर चढून टेहळणी करताना त्याला तोफेचा गोळा लागला, असे सांगतात. मराठ्यांनी या शत्रूच्या धाडसावर खूश होऊन त्याला 'इष्टुर फाकडा' असे नाव दिले. फाकडा म्हणजे देखणा, बेडर, शूर. पेशवाईतल्या 'अडीच फाकड्यां'त कोन्हेरराव एकबोटे आणि मानाजी शिंदे यांच्याबरोबर उरलेला अर्धा हाच इंग्रज. वडगाव मावळात त्याची समाधी आहे, आणि लोकांनी तिला नवससुद्धा बोलले आहेत.

शत्रूला अर्धा का होईना, फाकडा म्हणणारा हा समाज होता. त्याच काळात पुण्याच्या दरबारी फौजेत ख्रिस्ती शिपाईही होते आणि त्यांच्यापैकी दोम मिगेल द नोरोन्या या अधिकाऱ्याने सवाई माधवराव पेशव्यांकडे उपासनेसाठी जागा मागितली. पेशव्यांनी शहराच्या कडेला जमीन दिली. १७९२ च्या नाताळात तिथे पहिली मिस्सा झाली. पुण्यात क्वार्टर गेटजवळचे अमलोद्भवी मातेचे मंदिर, आपण ज्याला सिटी चर्च म्हणतो, ते याच जमिनीवर उभे आहे. त्या नाताळाच्या रात्री तंबूत गुडघे टेकून बसलेले शिपाई पेशव्यांचा पगार घेत होते. दिवस उजाडताच त्यांना पेशव्यांच्याच चौकीवर हजर व्हायचे होते.